न भरणारी टाकी

"आमची टाकी उपसायची?" सल्लागारांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, उपसण्यासारखं त्यात काही असेल तर ना!"

इंजिनिअरबाई फाटकाशी उभ्या होत्या. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात गमबूट, आणि चेहऱ्यावर सकाळपासून दहा घरांशी हुज्जत घातल्याचा थकवा. गल्लीत भुयारी गटाराची लाइन पडली होती आणि एकेका घराचा पाइप तिला जोडायचं काम चाललं होतं. नियम सोपा होता. घरातली संडासची जुनी टाकी उघडायची, टँकरने उपसायची, दगडमातीने बुजवायची आणि मग नवी जोडणी करायची. टाकी बुजल्याशिवाय जोडणी नाही.

"काका, संध्याकाळी रस्त्यावर काँक्रीट पडणार. आज ज्याचं राहील त्याच्यासाठी पुन्हा रस्ता फोडणार नाहीत. आणि उद्यापासून जुन्या टाक्या वापरायला बंदी आहे."

"मग ज्याचं राहील त्याने जायचं कुठे?"

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या. "झाकण कुठंय ते दाखवा."

आता हे सल्लागार म्हणजे कोण, ते सांगायला हवं. नोकरीत ते हेडक्लार्क होते. निवृत्त झाले तेव्हा सल्ला द्यायला हाताखाली कोणी उरलं नाही, म्हणून त्यांनी गल्ली हाताखाली घेतली. गुडघेदुखीपासून गळक्या छपरापर्यंत कशावरही विचारा, किंवा विचारू नका, सल्ला तयार. गल्लीने वैतागून त्यांचं नाव 'सल्लागार' ठेवलं. त्यांना तो बहुमान वाटला आणि त्यांचा तो समज मोडायची हिंमत कोणाला झाली नाही.

पण त्यांच्या सगळ्या मोठेपणाचा पाया म्हणजे ती टाकी. त्यांच्या बाबांनी घर बांधलं तेव्हाची. इतक्या वर्षांत ती एकदासुद्धा भरली नव्हती. टँकर म्हणून कधी त्यांच्या दारात उभा राहिला नव्हता. "दोन कारणं," सल्लागार किराणा दुकानाच्या पायरीवर बसून सांगत. "एक, बाबांचं बांधकाम. दोन, आमच्या घरची शिस्त." ऐकणारे आपापल्या घरच्या शिस्तीचा विचार करत खाली मान घालून घरी जात.

सगळ्यांत जास्त मान खाली जायची ती भिंतीपलीकडच्या घड्याळजींची. नाक्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. फार मऊ माणूस. बोलायचासुद्धा इतक्या हळू, की समोरच्याची स्प्रिंग तुटेल की काय अशी धास्ती असावी. या बिचाऱ्याची टाकी मात्र सारखी तुंबायची. टँकर येऊन गेला म्हणेपर्यंत पुन्हा यायचा. आणि तो आला, की नाकाला रुमाल लावून सल्लागार भिंतीशी हजर.

"पुन्हा? मागच्या वेळी सांगितलं होतं ना, रात्रीचं जेवण हलकं ठेवा?"

"ठेवलं होतं हो."

"मग पाहुणे झाले असतील."

"मेहुणा आला होता. पण त्याला नुसत्या चहावर वाटेला लावला."

"चहासुद्धा माणूस बघून द्यावा," सल्लागार गंभीरपणे म्हणायचे.

एकदा तर सल्लागारांनी रंगाऱ्याकडून एक पाटी रंगवून आणली आणि भिंतीवरून घड्याळजींच्या हाती दिली. पांढऱ्या पत्र्यावर निळी ठसठशीत अक्षरं : 'बसण्यापूर्वी विचार करा. खरोखरच गरज आहे का?' घड्याळजींनी ती दोन्ही हातांनी घेतली. डोळे भरून आले होते त्यांचे. उपकाराने आले की आणखी कशाने, ते सल्लागारांनी विचारलं नाही.

तर अशा माणसाला आज इंजिनिअरबाई झाकण दाखवायला सांगत होत्या. सल्लागार खूश झाले. बाबांची टाकी अखेर कोणीतरी जाणकार बघणार होतं.

बाईंच्या मागे मुकादम आणि त्याचे दोन गडी कुदळी घेऊन उभे होते. मुकादमाने संडासाच्या मागच्या बाजूला नजर टाकली आणि म्हणाला, "साहेब, इथनं पाइप धरून खणत जाऊ. पाइप जाईल तिथं टाकी."

"अहो, संडासामागे कुंपणाची भिंत आहे. भिंतीपलीकडे घड्याळजी आहेत. पाइप काय भिंतीत शिरणार?" सल्लागार हसले. "घर कोणाचं? माझं. टाकी कुठंय ते मला माहीत असणार की तुम्हाला?"

"तुम्हालाच," मुकादम म्हणाला. "कुठंय?"

सल्लागारांनी दाखवायला बोट उचललं. अंगणाकडे पाहिलं. अंगण नेहमीचंच होतं, पण आज ते त्यांच्याकडे कोऱ्या चेहऱ्याने बघत होतं. टाकीबद्दल ते इतकी वर्षं इतकं बोलले होते, की ती आपण कधी पाहिलेली नाही, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"अगं ए!" त्यांनी घरात हाक मारली. "आपली टाकी कुठंय, सांग जरा यांना. माझ्या अगदी ओठांवर आहे."

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "कपडे वाळत घालतो त्या दोरीखाली. तुम्हीच तर सांगितलं होतंत मला, लग्न होऊन आले तेव्हा."

"बघा!" सल्लागार मुकादमाकडे वळले. "मीच सांगितलं होतं."

दोरीखालची फरशी निघाली. खाली माती निघाली, तिच्याखाली आणखी माती निघाली. कमरेइतका खड्डा झाल्यावर एक गंजका चमचा निघाला. बायकोने तो ओळखला आणि लग्नातल्या भांड्यांपैकी तो हरवल्याचा आळ इतकी वर्षं आपल्यावर कसा होता, ते गड्यांना सविस्तर सांगितलं. टाकी निघाली नाही.

"पण जावईबापूंना तुम्ही पायऱ्यांखाली आहे म्हणाला होतात," बायकोला आठवलं.

"मी?"

"हो. त्यांना पायऱ्यांवर उभं करून म्हणालात, 'तुम्ही आत्ता एका आदर्श टाकीवर उभे आहात.' जावईबापू पटकन खाली उतरले होते."

सल्लागारांना तसं काही आठवेना. पण आपण बोललो असू तर ते खरंच असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. पायऱ्यांच्या बाजूला कुदळ पडली. तिसऱ्या घावाला खळ्ळकन आवाज झाला. सल्लागार ओरडले, "लागली! झाकण लागलं!" आणि खड्ड्यातून पाण्याचं कारंजं उसळून त्यांच्या चष्म्यावर आलं. ती पिण्याच्या पाण्याची लाइन होती.

पाणी बंद करेपर्यंत अंगणाचा चिखल झाला. घरातले नळ कोरडे पडले. बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सल्लागार तिच्याकडे न बघता चष्मा पुसत राहिले.

एवढ्यात आई काठी टेकत ओसरीवर आल्या. वयाने कान थोडे जड झाले होते, पण बाकीचं सगळं जागेवर होतं. काय शोधताय म्हणून त्यांनी विचारलं.

"आई!" सल्लागारांना हायसं वाटलं. "तू तर घर बांधताना इथंच होतीस. बाबांनी मोठा खड्डा कुठे खणला होता?"

"लिंबापाशी," आई ताबडतोब म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत खणला. असा भला मोठा!"

गडी लिंबाकडे धावले. मुळं तुटली, कच्ची लिंबं टपाटपा डोक्यावर पडली, खड्डा झाला. मुळांखाली आणखी मुळं होती. मुकादमाने कपाळावरचा घाम पुसला. "आजी, नक्की टाकीसाठीच खणला होता ना खड्डा?"

"टाकीसाठी कशाला? लिंबासाठी! तुम्ही खड्डा विचारलात, मी खड्डा सांगितला."

सल्लागार चिखलात उभे राहून तिन्ही खड्ड्यांकडे आळीपाळीने बघत होते. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात. इथे तोसुद्धा निघाला नव्हता. डोक्यात नुसता गोंधळ माजला होता. टाकी आहे, कारण ती भरत नाही. ती भरत नाही म्हणजे ती उत्तम आहे. ती उत्तम आहे म्हणजे ती कुठेतरी असलीच पाहिजे. हिशेब कुठेच चुकत नव्हता, फक्त टाकी सापडत नव्हती. आणि रस्त्यावर काँक्रीटचा मिक्सर घरघरत वळणावर येऊन उभा राहिला होता.

"काका," इंजिनिअरबाई म्हणाल्या, "मी घड्याळजींचं काम उरकून येते. तेवढ्यात आठवा. नाही सापडली तर मात्र मी काही करू शकत नाही."

भिंतीपलीकडे टँकर लागला. घड्याळजींच्या टाकीचं झाकण उघडलं गेलं, मोटर धडधडू लागली आणि वास भिंत ओलांडून आला. सल्लागार कमरेइतक्या खड्ड्यात उभे होते, तरी सवय जाईना. टाचा उंच करून त्यांनी नाकाला रुमाल लावला. "काय घड्याळजी, शेवटच्या दिवशीसुद्धा काठोकाठ?"

"माफ करा हो," पलीकडून मऊ आवाज आला.

इकडे मुकादमाने सुचवलं की आता राहिलं स्वयंपाकघर. जुन्या घरांतून कधी कधी टाकीवर नंतर खोली चढवलेली असते. बायकोने ते ऐकलं आणि ओट्यापुढे हात पसरून उभी राहिली. "माझ्या स्वयंपाकघरात कुदळ आणाल तर याद राखा!"

"अगं, पण टाकी सापडली नाही तर उद्यापासून आपण जायचं कुठे? आई कुठे जाणार या वयात? लोकांच्या दारात उभं राहायचं का आपण?" सल्लागारांचा आवाज पहिल्यांदाच कापरा झाला. आजवर त्यांनी कधी कोणाच्या दारात जाऊन काही मागितलं नव्हतं. द्यायलाच जायचे, सल्ला.

बायकोला त्यांची दया आली. ओटा मात्र तिने सोडला नाही. मग ती म्हणाली, "अहो, आपण टाकी शोधतोय. पण पाणी तर रोज जातंय ना कुठेतरी? त्यालाच विचारू की."

तिने कपड्यांना घालायच्या निळीची अख्खी बाटली आणली आणि संडासात ओतली. शेजारच्या घरून चार बादल्या पाणी मागून आणलं आणि धाडधाड वर ओतलं. मग सगळे बाहेर आले. एक गडी दोरीखालच्या खड्ड्यापाशी, एक लिंबापाशी, मुकादम पायऱ्यांपाशी आणि सल्लागार मध्ये. जमिनीला कान लावल्यासारखे सगळे वाकून बघत राहिले. कुठे निळा थेंब दिसेना.

इतक्यात भिंतीपलीकडून घड्याळजींची किंकाळी आली. तो माणूस ओरडू शकतो हे गल्लीला त्या दिवशी कळलं.

"अहो! आमच्या टाकीत निळं पाणी येतंय!"

सल्लागारांनी मान हलवली. "काय खाता तरी काय तुम्ही लोक?"

वाक्य तोंडातून गेलं आणि मगच ते त्यांच्या कानांत शिरलं. मुकादम भिंतीकडे बघू लागला, बायको रिकाम्या बाटलीकडे, आणि इंजिनिअरबाईंचं पिवळं हेल्मेट हळूहळू भिंतीवर उगवलं.

"काका, ही टाकी आत्ता उपसून रिकामी झालीय. भिंतीच्या बाजूने तिला एक जादा पाइप आहे. आजवर पाण्याखाली होता म्हणून कोणाला दिसला नसेल." त्यांनी सल्लागारांच्या संडासाकडे बोट दाखवलं. "तुमच्या बाजूने येतोय."

"छे, छे! योगायोग असेल," सल्लागार म्हणाले. "आणखी एक बादली ओता."

ओतली. भिंतीपलीकडे खळखळ वाजलं. "आलं!" घड्याळजी म्हणाले. आणखी एक ओतली. "हेही आलं!" सल्लागार स्वतः आत गेले, स्वतःच्या हाताने तांब्याभर पाणी, अगदी हळू, चोरून ओतलं आणि कोणाला न सांगता बाहेर आले. "थोडंसं आलं," घड्याळजींनी कळवलं.

आईंना हे सगळं कानात ओरडून सांगावं लागलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "अगं बाई, हो की! ते तात्पुरतं जोडलं होतं! घड्याळजींचे वडील आणि तुझे बाबा जिवाभावाचे दोस्त. आपली टाकी बांधायच्या आधी पावसाळा आला. ते म्हणाले, सध्या आमच्यात सोड, नंतर तुझी बांध."

"मग नंतर बांधली का नाही?"

"मला वाटलं बांधली असेल. तूच तर सगळ्यांना सांगत हिंडायचास, बाबांची टाकी, बाबांची टाकी. मी म्हटलं, पोराला माहीत असेल. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! वाकून तरी नीट बघायचंस."

घड्याळजी फाटकातून आत आले. सल्लागारांनी त्यांना येताना पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. माणूस कितीही मऊ असला तरी इतक्या वर्षांचे टँकर, इतक्या वर्षांचे नाकावरचे रुमाल! एक ठोसा तर पक्का होता. त्यांनी सावधपणे चष्मा काढून खिशात ठेवला.

घड्याळजी मातीच्या ढिगावर मटकन बसले. खांदे हलत होते. रडताहेत की हसताहेत, हे चष्म्याशिवाय सल्लागारांना कळेना.

"म्हणजे आमचं काही चुकत नव्हतं," घड्याळजी म्हणाले. "अहो, मी पालेभाजी बंद केली घरात. सासरे चार दिवस राहायला आले, त्यांना दुसऱ्याच दिवशी गाडीत बसवून दिलं, ते अजून बोलत नाहीत माझ्याशी. डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, तुम्हा सगळ्यांचं अगदी नॉर्मल आहे. मी डॉक्टर बदलला! बायको म्हणायची, आपण चारच माणसं, एवढं होतं कसं? मी तिच्यावर डाफरायचो. म्हणायचो, भिंतीपलीकडे बघ, काय शिस्त आहे!"

सल्लागारांनी खिशातून चष्मा काढून पुन्हा डोळ्यांवर चढवला. शरमेने कानशिलं तापली. काहीतरी मनापासून बोलायचं होतं, पण तोंडाला सवयच नव्हती. शेवटी ते एवढंच म्हणाले, "घड्याळजी, आता पालेभाजी खायला हरकत नाही."

बाहेर मिक्सर जोरात घरघरला. इंजिनिअरबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. "काका, तुमच्या अंगणातून नवी लाइन टाकायला आता वेळ नाही. एकच मार्ग आहे. घड्याळजींची टाकी बुजवायच्या आधी तुमचा पाइप त्यांच्या नव्या चेंबरला जोडून टाकते. त्यांची परवानगी असेल तर."

सगळ्यांनी घड्याळजींकडे पाहिलं. सल्लागार हात जोडायला निघाले होते, पण हाताला चिखल होता, म्हणून ते अर्ध्यावर थांबले.

"तात्पुरतं ना?" घड्याळजींनी विचारलं.

"अगदी तात्पुरतं!" सल्लागार घाईघाईने ओरडले.

"तात्पुरतंच करा," ओसरीवरून आई म्हणाल्या. "तेच टिकतं."

जोडणी झाली, टाकी बुजली, रस्त्यावर काँक्रीट पडलं. भिंतीखालच्या पाइपाचं सिमेंट ओलं होतं. सकाळपर्यंत पाण्याचा थेंब सोडू नका, अशी मुकादमाने ताकीद दिली आणि तो गेला. पलीकडे घड्याळजींची लाइन मात्र सुरू झाली होती. बायको आणि आई कधीच जाऊन आल्या, चहासुद्धा घेऊन आल्या. सल्लागार तीन खड्ड्यांच्या मधून फेऱ्या मारत राहिले. मी जाणार नाही, म्हणाले. मला गरज नाही, म्हणाले. मग फेऱ्यांचा वेग वाढला. मग पावलं आखूड पडू लागली. बायको खिडकीतून बघत होती. ती म्हणाली, "हट्ट कोणापुढे करायचा ते तरी बघा."

अखेर सल्लागार शेजारच्या फाटकाशी गेले. इतकी वर्षं भिंतीवरून पाहिलेलं घर समोरून त्यांना ओळखूच येईना. कडी वाजवायला हात उचलला तोच दार उघडलं. घड्याळजी हातात धुतलेला टॉवेल घेऊन उभे होते. बऱ्याच वेळापासून उभे असावेत.

"या, या," ते त्यांच्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले. "इतकी वर्षं भिंतीखालून येत होतात. एकदा दारातून या."

सल्लागार खाली मान घालून आत गेले. संडास लखलखीत होता. दार लावून ते वळले, आणि समोरच्या भिंतीवर, बसणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर येईल अशी, चार खिळे मारून नीट लावलेली पाटी होती. पांढऱ्या पत्र्यावर निळी ठसठशीत अक्षरं. इतक्या वर्षांत ती रोज पुसलेली दिसत होती.

'बसण्यापूर्वी विचार करा. खरोखरच गरज आहे का?'

सल्लागारांनी अगदी प्रामाणिकपणे विचार केला.

होती.